तेराव्यापर्यंत पुसायचं नाही

मी तुर्भ्याजवळच्या एका गावातला वार्ताफलक बोलतोय. येता-जाता तुम्ही माझ्यापुढे थांबता, मान वर करून वाचता, 'च्च' करता आणि पुढे जाता. आज मात्र थांबा. माझ्याकडे वेळ फार थोडा आहे.

जन्माने मी शाळेतला फळा. मुलं मला जुन्या सेलची पूड फासून काळाभोर करायची. पुढे गावच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, कारखान्यांचे भोंगे वाजू लागले, शाळेला सिमेंटचा फळा मिळाला आणि तरुण मंडळाने मला चौकात आणून टांगलं. बढतीच म्हणायची!

मंडळाचा चिटणीस विलास. अक्षर मोत्यासारखं, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक. रोज सकाळी नऊला सायकलवरून यायचा आणि पेपरातल्या बातम्या माझ्यावर उतरवायचा. शिवाय नळाची वेळ, कबड्डीचे सामने, कोणाचा मुलगा पास झाला ते. मी फुशारून जायचो.

मग वैशाखात हिरामण गेला. त्याने स्वतःच जीव दिला. दोन वर्षं त्याचं मन आजारी होतं, घरच्यांखेरीज कोणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. विलासने त्या चाराच्या दहा केल्या. वर तांबड्या खडूने 'वेडाच्या भरात आत्महत्या', खाली कुठे, कसं, सगळं. शेवटी 'अखेर सुटला बिचारा', आणि भोवती पिवळ्या गुलाबांची चौकट. लोक चौकटीचं कौतुक करत होते. खरं सांगतो, मलाही ती आवडली. त्याची लाज अजून जात नाही.

गावाची रीत अशी, की गेलेल्या माणसाची बातमी तेराव्यापर्यंत पुसायची नाही. मान म्हणून. तेरा दिवस मी ते अंगावर घेऊन उभा होतो आणि रोज समोर येऊन वाचत होता कान्हा, हिरामणचा धाकटा भाऊ.

त्यालाही तोच आजार. पण त्याची बायको काशी दर मंगळवारी त्याला ठाण्याच्या डॉक्टरांकडे न्यायची. गोळ्यांनी झोप लागू लागली होती, माणूस दोन घास जेवू लागला होता. ती तांबडी ओळ वाचली आणि त्याने ठाण्याचं नाव टाकलं.

"मना नको नेऊस," तो माझ्यासमोरच तिला म्हणाला. "माजं बी नाव फल्यावर लिवतील, येडा म्हनून."

काशीला वाचता येत नाही. शेजारणीकडून सगळं वाचून घेतलं आणि तिने विलासची सायकल धरली.

"इलासदादा, पुसा ते. माजा मानूस रोज तेच वाचतंय."

"वैनी, तेराव्याआधी पुसलं तर गाव काय बोलेल?"

"मग असं लिवा, त्यो आजारी व्हता. आन ह्या आजाराला दवा हाय."

विलास खरंच गोंधळला. "ती काय बातमी झाली, वैनी?"

तेराव्यानंतर त्याने मजकूर पुसला, चौकट तेवढी ठेवली. "एवढी झकास जमलीय, पुढच्याला कामाला येईल," म्हणाला. बाकीच्या बातम्या तो आता चौकटीखाली दाटीवाटीने लिहितो. तीन मंगळवार गेले, कान्हा ठाण्याला गेला नाही.

आज सकाळी पहिल्या पाळीची माणसं गेली आणि चौक ओस पडला. तेवढ्यात कान्हा आला. खोक्यातला खडू घेतला आणि रिकाम्या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं. लहानपणी माझ्यावरच गिरवलेली अक्षरं होती ती. खाली तारीख, आजची. मग खडू जागच्या जागी ठेवून, खाली मान घालून तो घराकडे गेला.

मी सागाचं लाकूड, मला ओरडता येत नाही. विलास, अरे सायकल जोरात हाण! वाचता येणारं कोणीतरी या रे!

आली ती काशीच, नळावरून, डोक्यावर हंडा घेऊन. चौकटीत नवी अक्षरं दिसली तशी थबकली. इकडे तिकडे पाहिलं. वाचून दाखवायला कोणी नव्हतं.

"अगो बाय," ती पुटपुटली, "आता कोन गेला?"

कोणी गेलं नाही, काशी. अजून कोणी गेलेलं नाही. हंडा टाक आणि घरी धाव.