बाबांना पाठवलेली खोटी मेल

माझं काम लोकांना फसवण्याचं आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. तीनशे माणसांच्या कचेरीत महिन्यातून एकदा मी खोटी मेल सोडते. कधी अडकलेल्या पार्सलची, कधी पगारवाढीची, कधी खुद्द साहेबांच्या नावानं. मग कोण कोण त्यावर क्लिक करतं ते बघत बसते. ज्यानं केलं त्याच्या पडद्यावर लाल पान उघडतं. त्यावर ठळक अक्षरांत असतं: ‘सापडलात. आता संगणकाला हात लावू नका. पुढची सूचना येईपर्यंत थांबा.’ ही वाक्यं माझीच. कचेरीत ती ठीक आहेत, कारण तिथे सूचना द्यायला मी दोन जिने उतरून खरंच जाते. त्या माणसाचं तोंड एवढंसं झालेलं असतं, शेजारचे खुदखुदत असतात. मीही थोडी हसते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

गेल्या वर्षी असंच एक लाल पान मी बाबांना दाखवलं.

बाबा बूट करतात, पण दुकानात मांडलेले मिळतात तसले नाहीत. एक पाय आखूड, टाच वर उचललेली, बोटं एकमेकांवर चढलेली, अपघातात अर्धाच उरलेला पंजा, अशा पायांचे बूट. घरातली पुढची खोली हेच दुकान. खिडकीखाली बाक, बाकावर चामडं कापायची सुरी, आरी, खळीचा डबा. भिंतीशी एक बुटकं स्टूल, पाय ठेवायला. गिऱ्हाईक आलं की बाबा आधी पडदा ओढतात, मग स्वतः जमिनीवर बसतात आणि पाय मांडीवर घेतात. बोलतात ते भलतंच. उकाड्याचं, भाजीच्या भावाचं, शेजारच्या मांजराला झालेल्या पिल्लांचं. हात तेवढे पायावरून फिरत राहतात, आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवील तसे. ‘तोंड सांगतं थाट, पाय सांगतो वाट’, हे त्यांचं पेटंट वाक्य. लहानपणी आम्ही भावंडं त्याच्या तालावर उड्या मारायचो.

मापं पूर्वी कागदावर असायची. पाय कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, कडेला आकडे लिहायचे. सव्वीस वर्षांचे कागद. कपाटाला ओल आली तेव्हा एकेक कागद मीच स्कॅन करून घरच्या संगणकात भरला, पायांचे फोटो काढून घेतले, वर एक जादा डिस्क जोडून दिली. संगणक बिघडला तरी त्यात प्रत राहील म्हणून. कागद मीच रद्दीत घातले.

“ही डिस्क काम झालं की काढून ठेवायची का गं?” बाबांनी विचारलं होतं.

“राहू द्या जोडलेलीच. नाहीतर कुठेतरी ठेवाल आणि मग मला शोधायला लावाल.”

प्रत काढून वेगळी ठेवायची असते, हे मी कचेरीत घसा सुकेपर्यंत सांगते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, घरच्याच दिव्याखाली.

तर ती खोटी मेल. चामडं पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावानं मी बाबांना बिल पाठवलं आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. “अगं, इथे सगळं लाल झालंय. हात लावू नका म्हणतंय. मी लांब उभा आहे.”

लांब उभा आहे. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच रविवारी धाकट्या भावाकडे आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. तिथे मी नक्कल करून दाखवली. बाबा खुर्चीतून कसे उठले असतील, भिंतीला पाठ लावून कसे उभे राहिले असतील, एक हात पुढे धरून.

“बाबा, सुरी तरी घ्यायची हातात,” भाऊ म्हणाला.

“ताई, परत कर ना ते, लांब उभा आहे,” वहिनी म्हणाली.

मी परत केलं. बाबाही हसले. हसता हसता ताटात बोटानं रेघा ओढत राहिले. त्या रेघा मला दिसल्या होत्या. दिसूनही मी तिसऱ्यांदा नक्कल केली.

पुढे सहा महिन्यांनी बाबांचे फोन यायचे थांबले. मी केला की “कामात आहे गं, करतो” म्हणायचे आणि करायचे नाहीत. दहा दिवस असे गेल्यावर एका शनिवारी सकाळी मी जाऊन धडकले.

पडदा ओढलेला होता, पण गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बाबा बाकाशी बसून तपकिरी कागदावर पेन्सिलीनं काही काढत होते. मला पाहिलं आणि कागद उलटा केला. कोपऱ्यातल्या संगणकावर अंग पुसायचा टॉवेल टाकलेला.

“काय लपवताय?”

“लपवतोय कुठे? तुला सगळं ठाऊकच आहे की.”

“मला काय ठाऊक?”

“पुरे आता, मास्तरीणबाई. झालो नापास. कबूल. दहा दिवस झाले, आता काढून टाक ते. कामं अडलीत माझी.”

मी टॉवेल उचलला. पडदा लाल होता. पण पान माझं नव्हतं. मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलं होतं की तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर मुदतीत पैसे पाठवा. खाली उलट्या मोजणीचं घड्याळ होतं. ते केव्हाच शून्यावर येऊन थांबलं होतं.

“बाबा, हे मी पाठवलेलं नाही.”

ते जवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. “लाल आहे,” म्हणाले.

“हो.”

“आलं पण व्यापाऱ्याच्याच नावानं.”

“असेल. पण मी नाही.”

“पैसे एवढे मागितलेत, म्हटलं पोरगी थट्टा करतेय. एवढ्यात सगळी गल्ली विकत येईल.” ते हसायला गेले. माझ्याकडे पाहिलं आणि हसू तिथेच राहिलं. मग बुटक्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर ते कधी बसत नाहीत.

मी एकेक विचारत गेले, ते सांगत गेले. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर बिल उघडलं होतं. आत काहीच नव्हतं. मग एका गिऱ्हाइकाचं माप उघडेना, मग दुसऱ्याचं. फायलींची नावंच विचित्र होत चालली. डिस्कवरचा हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता.

“किती वेळ?”

“अंधार पडेपर्यंत. मग हे लाल आलं.”

“आणि तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. बघत होतो.”

“चार-पाच तास नुसते बघत होतात? डिस्कची वायर ओढायला काय झालं होतं? इंटरनेट बंद करायचं, बटण दाबायचं, काहीतरी करायचं.” हे मी विचारलं ते कचेरीतल्या आवाजात, दोन जिने उतरून गेल्यावर जो लागतो त्या.

बाबा खाली बघत म्हणाले, “हात लावू नका, असं तूच लिहिलं होतंस ना.”

खोलीत खळीचा वास होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला तोंड लपवायला जागा हवी होती आणि खोली होती दहा बाय बाराची.

“फोन तरी करायचात,” मी म्हणाले. आवाज आता निम्मासुद्धा उरला नव्हता.

“करणार होतो. नंबरही काढला होता. मग म्हटलं, रविवारी सगळे जेवायला जमणार आहेत.”

पुढचे दोन दिवस मी तिथेच राहिले. वायर काढली, इंटरनेट तोडलं, डिस्क सोडवली. बैल गेला आणि झोपा केला. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार नोंदवली. तिथल्या अधिकाऱ्यानं बाबांना खुर्ची दिली आणि “पैसे दिले नाहीत हे बरं केलंत, काका” म्हणाला. बाबांना त्या दिवसांत मिळालेली ती एकच शाबासकी, आणि ती परक्याकडून. असल्या कुलपांच्या काही किल्ल्या फुकट मिळतात, त्याही शोधल्या. ह्या कुलपाची नव्हती. संगणकातलं गेलं, डिस्कमधलं गेलं. त्या बुधवारी पहिल्या फायलीलाच फोन आला असता तर मी बसल्या जागेवरून डिस्क काढायला सांगितली असती, आणि जवळजवळ सगळे पाय वाचले असते. फोन आला नाही, कारण मी चांगली नक्कल करते.

रविवारी दुपारी मी तो उलटा केलेला कागद सरळ केला. पाय होते. बाबा आठवून काढत होते. अकरा पाय झाले होते, कडेला नावं नाहीत, फक्त खुणा: शिंपीण, उजवा. पोस्टातले, दोन्ही.

“चुकत असणार,” ते म्हणाले. “पण बरेचसे मनात राहतात.”

“बाबा, त्या रविवारी मी जे केलं…”

“अगं, क्लिक माझंच होतं.”

“क्लिकचं नाही म्हणत मी.”

ते सुरी फडक्यानं पुसू लागले. “इथे लोक येतात ना,” ते म्हणाले, “काहींना मोजा काढायला चार खेपा लागतात. पहिल्या खेपेला नुसते गप्पा मारून जातात. मी एकदा जरी हसलो असतो तर दुसरी खेप झाली नसती.” त्यांनी आणखी बोलावं, खडसावावं असं मला फार वाटत होतं. सुरी जागेवर ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.

मग गिऱ्हाइकांना फोन. बाबा प्रत्येकाला सांगत, “संगणक बिघडला बघा, माप पुन्हा घ्यावं लागेल.” माझी झाकली मूठ तेच झाकत होते. पहिले तीन फोन मी झाकू दिली. ऐकत बसले, वहीत वेळा लिहीत. चौथ्या फोनला हात पुढे केला आणि म्हणाले, “मी त्यांची मुलगी. मापं माझ्या चुकीनं गेली.” पलीकडचे आजोबा म्हणाले, “असू दे बाई, पाय कुठे गेलाय?” बाबा तोंडावर हात ठेवून हसले. दहा दिवसांतलं पहिलं हसू.

सुट्टी काढून मी मापं लिहायला बसू लागले. मंगळवारी ग्रंथपालबाई आल्या, अठरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. पायघोळ झगा, त्याखाली डाव्या पायात बाबांनीच केलेला उंच तळाचा बूट. पडदा ओढला गेला. बाई खुर्चीत बसल्या, बुटाच्या पट्ट्याशी हात नेला आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेली मी त्यांना दिसले.

“ही…?”

“मुलगी माझी. आकडे लिहिते.”

“हो का.” पट्ट्यावरचा हात तसाच. त्या बाबांकडे बघत राहिल्या. “म्हणजे, ही इथे असली तर…” पुढचं त्यांनी विचारलं नाही.

‘घरचीच आहे, काही काळजी नको’ एवढं बाबांनी म्हणावं म्हणून मी वाट पाहिली. शेजारच्या मांजराबद्दलही ते असं म्हणतात. त्यांनी मापाची पट्टी उलगडली, पुन्हा गुंडाळली. माझ्याकडे पाहिलं नाही.

“ती भिंतीकडे तोंड करून बसेल,” ते म्हणाले. “आकडे ऐकू आले म्हणजे झालं.”

मी खुर्ची फिरवली. समोर रंग उडालेली भिंत, मांडीवर वही. मागे पट्टा सुटल्याचा आवाज आला, मग बूट जमिनीवर टेकल्याचा, मग बराच वेळ काही नाही. बाबा मांजराची पिल्लं कुणी कुणी नेली ते सांगू लागले. एक पोस्टातल्यांनी नेलं, एकाला अजून घर नाही. बाई म्हणाल्या, आमच्याकडे उंदीर आहेत, बघू. मोजा निघाला असावा, कारण बाबा आकडे सांगू लागले. टाच ते अंगठा, एकोणीस. घोटा, चोवीस. चवडा, वीस. मी प्रत्येक आकडा दोनदा लिहीत होते, एकदा कागदात ठेवायला, एकदा संगणकात भरायला. मधला एक आकडा माझ्याकडून निसटला. पुढचे दोन आले आणि त्याची जागा रिकामीच राहिली. अंदाजानं भरता आला असता.

“बाबा,” मी भिंतीकडे बघत म्हणाले, “चवड्यानंतरचा एक आकडा चुकला माझा. परत सांगता?”

मागे दोघंही थांबली.

“मोजतो परत,” बाबा म्हणाले. “बाई, पाय जरा असाच राहू द्या. घाई नाही गं, लिही तू.”