खाचेवरचा लाल दोरा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, असे सांगताना मला जरा चाचरायला होते. कारण माझे सगळे अवयव एका वयाचे नाहीत. मदरबोर्ड सर्वांत म्हातारा, पंखा त्याच्याहून लहान, आणि वीजपुरवठ्याचा डबा तर परवा-परवा आलेला. एका बाजूचे झाकण कधी हरवले ते मलाही आठवत नाही. तरी मी स्वतःला 'मी' म्हणतो आणि अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत मला प्रथम जोडले गेले. तेव्हा वाटले होते, आपण एखाद्या मोठ्या कचेरीत जाऊ, महत्त्वाची पत्रे लिहू. पण नशिबी आला संगणक दुरुस्तीचा वर्ग. खिडकीजवळचे टेबल, त्यावर हिरवी रबरी चटई, आणि चटईवर मी. माझे काम काय, तर उघडले जाणे. विद्यार्थी येतात, माझे स्क्रू काढून वाटीत ठेवतात, एकेक भाग अलगद सुटा करतात आणि पुन्हा जोडतात. कधी कधी सर मुद्दाम एखादी वायर ढिली करून ठेवतात आणि 'शोधा' म्हणतात. थोडक्यात, बिघडणे हेच माझे काम आहे, आणि ते मी चोख करतो.

सुटा होऊन चटईवर पसरलो की मला एक गोड गुंगी येते. दुपारचे ऊन खिडकीतून सरकत येते, रॅमच्या, म्हणजे माझ्या कामापुरत्या आठवणीच्या, पट्टीवरचे सोनेरी दात चमकतात, आणि मी नक्की कुठे आहे तेच कळेनासे होते. पंख्यात आहे का? डब्यात आहे का? फक्त एक गोल, चपटी बॅटरी जागी असते आणि वेळ मोजत राहते. मग कोणीतरी मला जोडते, बटण दाबते, आणि मी स्वप्नातून उठल्यासारखा म्हणतो, "टिट."

मला शब्द दोनच येतात. एक छोटा 'टिट' म्हणजे सगळे ठीक आहे. तीन लांब 'टीऽऽट' म्हणजे माझी रॅम मला सापडत नाही. बाकी सगळे मनातच राहते.

अशाच एका तुकडीत शिलाईकाकू आल्या. हे नाव इतरांनी ठेवलेले. त्या कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षे काजे आणि बटणे करत होत्या. आता तिथे संगणकावर चालणारी यंत्रे आली होती. मालकांनी सांगितले होते, दुरुस्तीची परीक्षा पास होणाऱ्यांना यंत्रांच्या देखभालीवर ठेवू, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापासून यायचे नाही. काकूंच्या घरी एक नात होती, आणि कमावणाऱ्या त्या एकट्याच. म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि सरांना विचारले, "याला आधी उसवायचा ना?"

सर हसले. "हो काकू, उसवायचा. पण आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा. अंगातली वीज उतरू दे, नाहीतर नाजूक भाग जळतात."

त्या दिवसापासून मी उसवला आणि शिवला जाऊ लागलो. माझ्या चपट्या बॅटरीला काकू बटण म्हणत, स्क्रूच्या भोकांना काजे आणि रुंद पट्टीसारख्या वायरींना रिबिनी. शेजारची पोरे फिदीफिदी हसत. पण त्यांचे स्क्रू टेबलाखाली घरंगळत, काकूंचा एकही नाही. खरे सांगतो, इतका हलका हात मला तोवर लागला नव्हता.

एकदा माझा पंखा कुरकुरू लागला. सर नवीन पंखा आणायला निघाले होते, तेवढ्यात काकूंनी कान जवळ आणला. त्यांनी पंख्याच्या मधला कागद सोलला आणि पिशवीतल्या कुपीतून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. पंखा असा गुपचूप फिरू लागला की सरही थक्क झाले. साऱ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. काकू लाजल्या, आणि मी त्यांच्याइतकाच फुशारलो.

त्या टाळ्याच नडल्या. पुढच्या आठवड्यात रॅमची पट्टी माझ्या दोन खाचांपैकी पहिल्या खाचेत घट्ट बसेना. काकूंना तीस वर्षांची सवय. जे अडते त्याला तेल. त्यांनी कुपी काढली आणि दोन थेंब खाचेत सोडले. मला ओरडून सांगायचे होते, पण वीज बंद होती. बटण दाबल्यावर मी तीनदा लांब आवाजात रडलो.

सरांनी कपाळाला हात लावला. "काकू, डोळ्यांत तेल घालून काम करा म्हणालो होतो. खाचेत नव्हे."

वर्ग खदखदून हसला. काकूंचा चेहरा इतकासा झाला. सरांनी दोन दिवस ब्रश आणि स्पिरिट घेऊन मला साफ केले आणि मी पुन्हा 'टिट' म्हणालो. सगळ्यांना वाटले, प्रकरण मिटले. पण खाचेच्या तळाशी किंचित तेल उरले होते. त्यावर रोजची बारीक धूळ बसत गेली. हे फक्त मला ठाऊक होते, आणि त्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता.

परीक्षेच्या सकाळी बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. तासाभरात संपूर्ण संगणक जोडून सुरू करायचा होता. काकूंच्या वाट्याला मीच आलो. त्यांनी लोखंडाला हात लावला आणि मला शिवायला घेतले. मी त्या गुंगीत तुकड्या-तुकड्याने एक होत होतो आणि मनात एकच घोकत होतो, पहिली खाच नको, काकू, पहिली खाच नको. पण पट्टी पहिल्या खाचेतच बसली. त्यांनी बटण दाबले.

टीऽऽट. टीऽऽट. टीऽऽट.

काकूंच्या तोंडचे पाणी पळाले. घड्याळात दहा मिनिटे उरली होती. त्यांचा हात सवयीने पिशवीकडे, कुपीकडे गेला. माझा पंखा क्षणभर थांबल्यासारखे मला वाटले. मग तो हात तिथेच थबकला. त्यांनी डोळे मिटले आणि माझे रडणे नीट ऐकून घेतले. वीज बंद करून पट्टी काढली, उजेडात धरली. सोनेरी दातांवर काळपट चिकटा होता.

पिशवीतून कुपीऐवजी निघाले नातीचे खोडरबर, एका कोपऱ्याला कुरतडलेले. काकूंनी दात हळूहळू घासले, कापडाने पुसले. पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवली आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबली. 'कट' आवाज झाला. बटण दाबण्याआधी त्या परीक्षक बाईंना म्हणाल्या, "बाई, एक सांगते. याचा काही दोष नाही. ती पहिली खाच मी बिघडवली. मागे तेल घातलं होतं."

सर खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी मान वर केली नाही. "आधी सुरू करून दाखवा."

मित्रांनो, आयुष्यात मी हजारो वेळा 'टिट' म्हटले असेल. पण त्या दिवशी ते मी जीव ओतून म्हटले.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले. "दोष शोधायचे मार्क आहेत, ते दिले," त्या म्हणाल्या. "दोष कोणाचा, याला माझ्या कागदात रकाना नाही. पण समासात लिहून ठेवते. यंत्रं अशाच माणसाच्या हाती द्यावीत." काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांना पदर लागला.

पुढच्या महिन्यात त्या कारखान्यातून मला भेटायला आल्या. त्यांनी माझ्यासाठी उरल्यासुरल्या कापडांची खोळ शिवून आणली होती. पंख्याच्या जागी त्यांनी जाळीचे कापड लावले होते, मला मोकळा श्वास घेता यावा म्हणून. मग त्यांनी माझ्या पहिल्या खाचेच्या टोकाला लाल दोरा बांधला. "ही वापरू नका रे," त्या नव्या मुलांना म्हणाल्या. "इथं मी चुकले होते."

आता वर्ग नसतो तेव्हा मी खोळीत पेंगत असतो. जाळीतून उजेडाचे बारीक चौकोन आत येतात आणि मला वाटते, मी कापडाचाच बनलो आहे. तुमच्या घरचा संगणक गप्प झाला, तर त्याला थपडा मारू नका. मित्रांनो, त्याची धूळ झटका, त्याला वारा द्या, आणि काही करण्याआधी तो काय म्हणतो ते ऐका. हातून चूक झाली तर ती लपवू नका, तिथे खूण करून ठेवा.

दरवर्षी नवी तुकडी विचारते, हा दोरा कशाला? सर सांगतात आणि मी पुन्हा एकदा ऐकतो. दोरा आता विटला आहे. पण बटणे लावणाऱ्या हाताची गाठ आहे ती, अजून सुटलेली नाही.