सतरंजीची उजवी बाजू

त्रिंबकनं टाक दौतीत बुडवला, निब कडेला पुसलं आणि 'पती' एवढं लिहून थांबला. समोर बसलेल्या जाहेदाला वाटलं, शाई वाळायची वाट बघतोय. वाट तो बघतच होता, पण शाईची नव्हे.

'खाविंद,' उजव्या कानाशी कुणी म्हणालं. आधी घसा खाकरून, मग सावकाश. त्रिंबकनं 'पती'ला चिकटून 'खाविंद' लिहिलं आणि त्याच्या जिवात जीव आला.

औरंगाबादच्या कचेरीबाहेर लिंबाखाली, एकाच सतरंजीवर बसून त्यानं आणि जाहेदाच्या नवऱ्यानं, वहाबनं, अकरा वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. अर्ज साहेबासमोर मोठ्यानं वाचला जाई आणि साहेब कोणत्या बोलीचा निघेल याचा नेम नसे. म्हणून त्रिंबकनं मराठी शब्द लिहायचा, शेजारून वहाबनं त्याचा उर्दू जोडीदार सांगायचा. घर-मकान, शोध-तलाश, साक्ष-गवाही. एकट्या शब्दाला कचेरीत कुणी विचारत नाही, असं दोघांचं ठाम मत. कुणी पक्षकार नको म्हणाला तर ते त्याच्याशी भांडत, पण जोडी तोडत नसत.

निजामी राज्य बुडालं त्या पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात वहाब करमाडहून बहिणीला आणतो म्हणून गेला, त्याला आता चौदा महिने झाले होते. सतरंजीची उजवी बाजू त्रिंबकनं कुणाला दिली नव्हती आणि शब्द तिकडून येतच होते. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. लोक वेड्यात काढतील ही भीती होतीच, पण बोलून दाखवलं तर आवाज थांबेल ही भीती जास्त होती. शब्द येतात म्हणजे माणूस कुठंतरी आहे, एवढाच त्याला आधार होता.

"झालं का, त्रिंबकभाऊ?"

"अर्धं झालं, भाभी."

"पक्कं लिवा बरं. फारूखभाई उद्या कन्नडहून गाडी घिऊन येतेत." फारूख म्हणजे वहाबचा थोरला भाऊ. "म्हणतेत, वहाब गेला. बेवा म्हणून चार म्हैने इद्दतीला बस, मंग तुझं दुसरं लावून देतो. मी म्हनले, माणूस जिंदा हाय, सरकारात अर्ज दिलाय. कागद दाखविला का त्यांना बोलता यायचं नाय."

"आन् तुमाला काय वाटतं?"

"मला?" जाहेदा हसल्यासारखं करून म्हणाली, "मी रोज त्यांच्या वाटची भाकर टाकते की."

त्रिंबकनं पुढं लिहायला घेतलं. सदर इसम माझ्या माहितीप्रमाणे जिवंत. तिथं तो थांबला.

कचेरीच्या दाराशी शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता. ऊन सतरंजीच्या काठावर आलं होतं. उजवीकडून हूं की चूं आलं नाही.

'जिवंत'चा जोडीदार 'हयात' हा शब्द त्रिंबकला पाठ होता. आजवर शंभर अर्जांत त्यानं तो लिहिला असेल. पण आपल्या मनानं लिहायला हात धजेना. त्यानं 'जिवंत'वरून टाक पुन्हा एकदा फिरवला.

"वहाबमियाँ," तो ओठातल्या ओठात म्हणाला, "सांगा की."

काहीच नाही. चौदा महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

मग त्यानं कोरा कागद ओढला. डाव्या तळहाताचा आडोसा केला आणि अगदी बारीक अक्षरात, नुसतं बघावं म्हणून, 'मृत' लिहिलं.

लगेच कुणीतरी घसा खाकरला.

'मरहूम.'

नेहमीसारखंच, सावकाश. आवाजात दुःख नव्हतं, घाई नव्हती. लिंबाखालच्या कोणत्याही दुपारी सांगावा तसा सांगितलेला शब्द. त्रिंबकच्या डोळ्यांना धारा लागल्या. टाक कागदावर तसाच टेकून राहिला आणि शाईचा डाग पसरत गेला.

त्यानं काही वाचून दाखवलं नव्हतं. जाहेदाला अक्षरओळख नव्हती आणि शब्दावर त्याचा तळहात तसाच होता. हिला आता काय सांगावं, या विचारानं त्यानं वर पाहिलं.

जाहेदा त्याच्याकडे बघत नव्हती. ती सतरंजीच्या उजव्या, रिकाम्या बाजूकडे बघत होती. बराच वेळ बघून तिनं मान खाली घातली, डावा हात मांडीवर घेतला आणि एकही फुटू न देता काचेच्या बांगड्या उतरवायला लागली.