चौकटीचं चौथं लाकूड

मित्रांनो, ज्याला ओलांडल्यावाचून कुणाला घरात येता येत नाही आणि तरीही ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो मी. उंबरठा म्हणतात मला. सागाचा आहे, जुना आहे आणि, देवानं क्षमा करावी, जरा वैतागलेलाही आहे.

माझं मूळ हरसूलकडच्या डोंगरातलं. तिथला साग नाशिकला आला आणि कामटवाड्यात देवराम ठेकेदारांच्या अंगणात मंगळू सुतारानं त्याचे तुकडे केले. दोन उभे, एक वर आडवा, एक खाली आडवा. खालचा तो मी. चौघांना एकमेकांच्या खाचांत ठोकून बसवलं आणि चौकट तयार झाली. चार म्हणून चौकट. ही साधी गोष्ट पुढे शिकल्यासवरल्या लोकांना समजावून सांगावी लागेल, असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

ते १९९३ साल होतं. देवरामांनी एका ओळीत बैठी घरं बांधली होती. पुढे ओटा, वर गच्ची, खिडक्यांवर झड अडवणारे छज्जे, फिका पिवळा रंग. फोटो काढावा असं त्यांत काही नव्हतं. पण ओळीतलं शेवटचं घर देवरामांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. कुणाच्या भिंतीला ओल आली की तक्रार सकाळीच त्यांच्या ओट्यावर यायची आणि त्यांची बायको लंकाबाई त्यांना घराबाहेर काढायची. "जा, आधी त्यांचं गळतंय ते बघा. मला संक्रांतीला त्यांच्याच घरी हळदीकुंकवाला जायचंय. कोणतं तोंड दाखवू?" अशा धाकात बांधलेलं घर सहसा गळत नाही.

माझ्या घरात कुसाबाई राहायला आल्या. मखमलाबादच्या भाजीच्या मळ्यात आयुष्य गेलेलं. मुलगा सुनील सातपूरच्या कारखान्यात लागला म्हणून त्या इकडे आल्या. त्यांचा एक नेम होता. आंघोळ झाली की मला ओल्या फडक्यानं पुसायचं, दोन्ही टोकांना हळदकुंकू लावायचं, मधोमध एक फूल ठेवायचं आणि मगच चहा. ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही. माझी दोन्ही टोकं हळदीनं पिवळी होऊन गेली. येणारा जाणारा म्हणायचा, "काय सुंदर उंबरठा ठेवलाय!" ते माझे सुखाचे दिवस.

पुढे सुनीलचा मुलगा स्वराज मोठा झाला आणि घर अपुरं पडू लागलं. २००५ साली दर रविवारी सगळे नवीन फ्लॅट बघायला जाऊ लागले. मी कुठे जाणार? पण चपला काढता काढता माणूस खरं बोलून जातो, त्यामुळे सगळं मला दारातच कळायचं.

"आई, कशी वाटली बिल्डिंग?" सुनीलनं विचारलं.

"खांब लय मोठं हायेत रे. देवळावाणी. पण त्यांच्यावर ठेवलंय काय?"

"काही नाही. ते नुसतं एलिव्हेशन आहे."

"म्हंजे उगाच उभे?"

सुनीलची बायको मीना फसकन हसली.

पुढच्या रविवारी उतरत्या लाल छपरांची सोसायटी झाली. "बर्फ पडतो व्हय नाशकात?" कुसाबाई म्हणाल्या. "आन् छप्पर फक्त पुढूनच हाय. म्या मागं जाऊन बघितलं, सपाट गच्ची." मग निळ्या काचांची एक इमारत झाली. तिच्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "कुरडया वाळवायला बरी हाय."

शेवटी पसंत पडली ती पाथर्डी फाट्याची, भारतशेठ नावाच्या बिल्डरची. खाली लॉबीत संगमरवर, भिंतीवर पाणी सोडणारं सिंहाचं तोंड. सुनील त्या सिंहावरच भाळला. कुसाबाईंनी वरच्या फ्लॅटच्या भिंतीवर बोट वाजवून बघितलं आणि घरी येऊन म्हणाल्या, "भिंत पोकळ वाजतीय रे. आन् देवघर संडासाच्या भिंतीला चिकटवलंय."

"आई, आता सगळीकडे अशीच बांधतात."

सगळीकडे चुकतंय म्हणून ते बरोबर कसं होतं, मित्रांनो? पण मला तोंड नाही.

आमचं घर ज्यांनी विकत घेतलं, त्यांनी सगळी दारं चौकटीसकट काढून लोखंडी बसवायचं ठरवलं. तेव्हा कुसाबाईंनी मंगळूला बोलावून मला सोडवून घेतलं आणि टेम्पोत देवांच्या पेटीशेजारी ठेवलं.

नवीन दारापाशी पोचलो आणि बघतो तर काय! दोन लाकडं उभी, एक वर, आणि खाली नुसती गुळगुळीत फरशी. चौकट म्हणतात आणि लाकडं तीन! साइटचा इंजिनिअर म्हणाला, "उंबरठे आता कुणी लावत नाही." माझी रवानगी बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे झाली. पुढचं सगळं मला तिथे कपडे धुवायला येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळत गेलं.

पहिल्या सकाळी कुसाबाई हळदकुंकवाचं तबक घेऊन दारात आल्या. बोटाला कुंकू घेतलं आणि बोट तसंच राहिलं.

"अहो आई, बाल्कनीतल्यालाच लावा की," मीना म्हणाली.

"नाय गं बाई. तिथं ते नुसतं लाकूड हाय. दारात असलं तरच उंबरठा."

त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. रुसल्या नाहीत, कुणाला बोलल्या नाहीत. "दाराला उंबरठा बसला की घेईन," एवढंच. त्यांची सगळी हौस त्या एका कपात होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुनीलच्या घशाखाली त्याचा चहा उतरेना. तो भारतशेठकडे गेला, परत गेला. उत्तर एकच: "ताबा दिल्यावर दारात बदल नाही. सगळी दारं एकसारखी दिसली पाहिजेत."

आषाढात झड सुरू झाली. पॅसेजचा उतार बाहेर द्यायचा असतो, तो ह्यांनी घरांकडे दिलेला! पाणी दारादारातून सरळ आत. सगळ्या मजल्यांवर बायका फडकी पिळत बसल्या. खालचा सिंह मात्र कोरडाच, कारण त्याची मोटर बंद पडली होती.

तक्रारी वाढल्या तसं श्रावणात भारतशेठनी सगळ्यांना भेट पाठवली. दारातल्या फरशीवर चिकटवायची चकचकीत पट्टी, तिच्यावर लक्ष्मीची पावलं. त्यांच्या माणसानं एका दुपारीत ती सगळ्या दारांत चिकटवून टाकली. संध्याकाळी कुसाबाई देवळातून आल्या आणि दारातच थांबल्या.

"मीना, बघ तरी. लक्ष्मी निघाली की गं घराबाहेर!"

पावलांची बोटं बाहेरच्या बाजूला होती. प्रत्येक दारात.

समोरच्या फ्लॅटमधली दिशा बाहेर आली. "आमच्याकडची तर थेट लिफ्टपाशी उभी आहे, आजी!"

गळतीसाठी ज्या बायका एकत्र आल्या नव्हत्या, त्या पावलांसाठी आल्या. सगळ्या खाली ऑफिसात शिरल्या. भारतशेठ उठून उभे राहिले.

"ताई, स्टिकरच आहे ना? काढून उलटा लावतो."

"पावलं वळवशील रे बाबा," कुसाबाई हळूच म्हणाल्या, "पाणी कसं वळवशील?"

"आजी, आता चौकट नाही बदलता येणार."

"बदलू नको. चौकट म्हंजे चार लाकडं. तू तीन दिलीस. चवथं माझ्याकडं हाय, तेवढं बसवू दे."

भारतशेठ कपाळ पुसत म्हणाले, "बरं, तुम्ही बसवा. पण बाकीच्यांना सांगू नका हां."

बाकीच्या सगळ्या समोरच उभ्या होत्या. एकच हशा पिकला.

दुसऱ्या सकाळी मंगळू आला. वर मोजलं तर मी बसत होतो, खाली मोजलं तर नव्हतो, कारण उभी लाकडं खाली आत सरकली होती. मंगळू अवघडून म्हणाला, "मावशी, एक टोक कापावं लागंल. हळदीचं."

कुसाबाईंनी त्या पिवळ्या टोकावर तळहात ठेवला. मग उचलला. "काप. नवं टोक पिवळं करायला म्या हाय की."

मी बसलो. ओलं फडकं फिरलं, हळदकुंकू लागलं, फूल आलं. मीनानं काही न विचारता कप आणून दिला. कुसाबाईंनी फुंकर घालून पहिला घोट घेतला आणि सुनील उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही घरं घ्याल. तेव्हा खांब, काचा, सिंह खुशाल बघा, पण तांब्याभर पाणी दारात ओतून ते कुठे जातं, तेही बघा. आणि जे रोज तुमच्या पायाखाली राहून घर सांभाळतं, त्याच्यावरून कधीतरी फडकं फिरवा. आम्हाला फार काही लागत नाही.

पटत नसेल तर भारतशेठना विचारा. त्याच दिवशी ते काम बघायला म्हणून आले, मान वर करून, छताकडे बघत. पाऊल आत टाकलं आणि त्यांना माझी अशी ठेच लागली की भिंतीला धरून उभे राहिले. त्यांनी पहिल्यांदाच खाली बघितलं.

"सावकाश, बाबा," कुसाबाई म्हणाल्या. "इथून घर सुरू व्हतं."