पहिल्या पानावरचा फोटो

सुभद्रेने काचेच्या कडेतून ब्लेड आत सरकवले आणि फोटोचा कोपरा उचलून पाहिला. कोपरा सुटला. मग कपाळ सुटले, कुंकू सुटले, डोळे सुटले. नाकाखाली मात्र कागद काचेला घट्ट धरून बसला होता. यंदा भिंतीला ओल आली आणि फ्रेमच्या आत पाणी शिरून फोटो काचेला चिकटला, तो असा. तिने काचेवर ओले फडके ठेवले, थोडा वेळ थांबली. तेवढ्यात आतल्या खोलीतून अरुंधतीने विचारले,

"निघाला का वं, आई?"

आणि सुभद्रेचा हात चालला. फोटो निघाला. ओठ आणि हनुवटी काचेवरच राहिली.

आपण ओढले की ते आपोआप निघाले, हे तिलाही सांगता आले नसते.

अरुंधती हात पुसत बाहेर आली. फोटो बघून ती आईजवळ खाली बसली, काचेवरचा काळसर थर तिने बोटाने चाचपला. तो पापुद्र्यासारखा निघून बोटाला लागला.

"दुसरा फोटो नाही नं तिचा?"

"लग्नातला आहे."

"त्याच्यात तं पदर आहे तोंडावर."

फोटो कुसुमावतीचा होता. सुभद्रेचा नवरा जागेश्वर, त्याची पहिली बायको. अरुंधती अजून बसायलाही लागली नव्हती तेव्हा ती तापाने गेली. वर्षभराने सुभद्रा पाचपावली वस्तीतल्या या घरात आली, तेव्हा ही फ्रेम भिंतीवर होतीच. दिवाळीला तिला हार घालायचे काम सुभद्रेकडे आले. पितृपक्षात जागेश्वर गिरणीत जाण्याआधी तिच्यासमोर हात जोडून उभा राही. काही बोलत नसे. तो मुळातच कमी बोलणारा माणूस, पण फ्रेमसमोरचे त्याचे न बोलणे सुभद्रेला वेगळे वाटे. भाजी खाऊन तो गप्प राहिला की तिला वाटे, हा मनातल्या मनात दोन हातांच्या चवी लावून बघतो आहे. नवे लुगडे नेसून ती समोर आली आणि त्याने फक्त मान हलवली, की तिची नजर आधी भिंतीकडे जाई. कुसुमावतीचे नाव मात्र तिने त्याच्यापाशी कधी काढले नाही. त्यानेही काढले नाही.

अरुंधतीचे लग्न उमरेडला ठरले होते, माघातले. सासरी न्यायला तिला घरच्या फोटोंचा अल्बम हवा होता. सगळे फोटो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात कसेही कोंबलेले होते. "नीट लावून दे नं, आई," ती वेणी घालता घालता म्हणाली होती. "पहिल्या पानावर मोठ्या आईचा लाव. मग तुमचा दोघांचा. मग माह्ये."

तिने ते सहज म्हटले होते. सुभद्रेने त्या दुपारी डबा चटईवर उलटा केला. अरुंधती शाळेच्या गॅदरिंगमध्ये, अरुंधती रामटेकच्या पायऱ्यांवर, अरुंधती गोवर निघून गेल्यावरची, गालांची हाडे वर आलेली. जवळजवळ प्रत्येक फोटोत सुभद्रा कुठेतरी होती. कधी शेजारी, कधी मागे, कधी अर्धी कापलेली. एका फोटोत तर तिचा फक्त हात आला होता, रडणाऱ्या पोरीला दंडाशी धरून ठेवणारा. आणि जिचे तोंड दिसेल असा एकच फोटो होता, तिला पहिले पान.

म्हणून तो फोटो काचेवरून काढायला घेतला होता. आता त्याला तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती तो वर्तमानपत्रात गुंडाळून इतवारीत मारोतरावांच्या दुकानात गेली. मारोतराव फोटो काढत, धुऊन देत आणि फोटोचे सामानही विकत. जागेश्वरची आणि त्यांची जुनी ओळख. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला.

"याच्यावरून नवीन कॉपी काढून देतो, वैनी. तोंडाची जागा पांढरी येईन. ते रंगानं भरा लागते. ठेवून जा तुमी. असे ओठ काढून देतो, का जागेश्वर पाहतच राहीन!"

सुभद्रेने काउंटरवरचा फोटो आपल्याकडे ओढला.

"नाही. मी करतो."

"तुमी?"

"काहून? शिकता येत नाही का?"

मारोतराव हसले, पण त्यांनी कपाट उघडले. काउंटरच्या काचेवर त्यांनी तीन तऱ्हेचे सामान मांडले. बाटल्यांतले रंग पाण्यासारखे होते. ते कागदात शिरले की शिरले, मग देवही काढू शकत नाही, असे ते म्हणाले. दुसरी एक लहान पुस्तिका होती. तिच्या प्रत्येक पानाला रंगाचा लेप, चिमूटभर फाडायचा आणि पाण्यात सोडायचा. "हे सस्तं आहे, पण हात हलका पाह्यजे." तिसऱ्या होत्या तेलरंगाच्या बारीक नळ्या. काडीला कापूस गुंडाळून लावायचे, फिरवायचे, नाही आवडले तर टरपेंटाइनने पुसायचे.

"शिकणाऱ्यानं हेच घ्यावं. पहिल्यांदा पेन्सिलनं आकार काढा, मंग रंग. चुकलं तं पुसा. माह्याकडं बिघडलेल्या प्रिंटा पडल्या आहेत, त्या नेजा हात बसवायले."

मग अल्बम. नवा निघालेला होता चिकट पानांचा: वरचे प्लास्टिक उचलायचे, फोटो ठेवायचा, दाबायचे. सगळ्यात सोपा तो, म्हणाले मारोतराव, आजकाल सगळे तोच नेतात. सुभद्रेने एक फोटो त्यात दाबून पाहिला आणि परत काढायला गेली, तर तो निघेना. तिने काळ्या कागदाचा जुन्या धर्तीचा अल्बम घेतला, कोपऱ्यांवर टोप्या लावून फोटो बसवण्याचा. त्यात जागा बदलता येत होत्या.

कॉपी तेवढी तिने मारोतरावांनाच काढायला सांगितली. ती आली तेव्हा कुसुमावती पूर्वीपेक्षा मोठी आणि उजळ दिसत होती. नाकाखाली एक पांढरा डाग. सुभद्रा दुपारी सगळे बाहेर गेले की खिडकीशी बसे. मारोतरावांनी दिलेल्या प्रिंटांवर तिने अनोळखी नवरदेवांचे फेटे लाल केले, कुणाच्या तरी आजीच्या गालांना लाली आणली, पुसली, पुन्हा आणली. माहेरी ती लुगड्यांच्या किनारींची नक्षी चौकटीच्या कागदावर काढत असे. हात लवकर बसला. कापूस किती कोरडा ठेवायचा, रंग कडेपासून आत कसा न्यायचा, हे कळू लागले तशी तिला त्यात गोडी वाटू लागली, आणि त्या गोडीचाही राग येऊ लागला. हे सगळे आपण कुणासाठी करतो आहोत?

एके दिवशी तिने कुसुमावतीला समोर घेतले. लुगड्याला हिरवा रंग दिला. बांगड्यांना दिला. डोळ्यांना हात लावला नाही. शेवटी तो पांढरा डागच उरला.

कसे होते हिचे तोंड? इतकी वर्षे तिने त्या फ्रेमला हार घातला होता, पण घालताना ती खिळ्याकडे बघे. जागेश्वरला विचारले असते तर त्याने सांगितले असते. डोळे मिटून, एकेक बारकावा. ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

तिने भिंतीवरचा आरसा काढून खिडकीत उभा केला. तोंड हवे होते, आणि घरात तेवढे एकच होते. लहानपणी विहिरीच्या काठावर पडून तिचा खालचा ओठ फुटला होता, तेव्हापासून तो एका अंगाला किंचित ओढलेला होता. पेन्सिलने ती ओढही तिने आली तशीच काढली. नंतर वाटले, पुसावी. मग वाटले, राहू दे. बघू या. जागेश्वर बघताक्षणी ओळखेल. म्हणेल, हे तिचं नाही. किती बारीक आठवते ते तरी कळेल एकदाचे.

अरुंधतीने आधी पाहिला. "सुंदर होती नं वं, मोठी आई," ती म्हणाली आणि फोटो तसाच हातात धरून बसली.

संध्याकाळी जागेश्वर गिरणीतून आला, हातपाय धुऊन ओसरीवर टेकला. सुभद्रेने फोटो त्याच्या पुढ्यात ठेवला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्याने चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ बघितले.

"हाव," तो म्हणाला. "अशीच होती."

सुभद्रा एक पाऊल पुढे आली.

"अशीच. हा खालचा ओठ असा एकीकडं ओढलेला राहे तिचा." त्याने चष्मा काढला, डोळे पुसले. "तुले कसं समजलं वं?"

ती आत गेली. ताट वाढले. तो जेवायला बसला आणि नेहमीसारखा खाली मान घालून जेवू लागला. ती समोर बसून बघत राहिली. दिवसभर यंत्रांच्या आवाजात उभा राहिलेला एक माणूस भाकरी खात होता. त्याच्या गप्प राहण्यात दुसरे काही नव्हते. भाजी संपली तेव्हा त्याने वाटी पुढे केली.

तिला आनंद व्हायला हवा होता. अंथरुणावर पडल्यावर तिने तो शोधूनही पाहिला. ज्या बाईशी ती या घरात आल्यापासून भांडत आली, ती या घरात नव्हतीच. कधी निघून गेली, कुणाला पत्ता नाही. आणि ज्याच्या मनातून ती इतकी साफ गेली होती, तो शेजारी शांत घोरत होता. सुभद्रेने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतले.

"खाप्याले जाऊन येतो," सकाळी ती म्हणाली.

"काहून?"

"अरूच्या लग्नाचं आवतन द्याले. तिच्या आजीले."

जागेश्वरने तिच्याकडे पाहिले. कुसुमावतीच्या माहेरी ती कधीच गेली नव्हती. "मी गेलो असतो," तो म्हणाला.

"मीच जातो."

खाप्याला एसटीतून उतरली तेव्हा ऊन चढले होते. कन्हान नदीकडून वारा येत होता, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून हातमागांची खटखट. विचारत विचारत ती घरापाशी पोचली. कुसुमावतीच्या आई, रुखमाबाई, ओसरीवर चरख्यासमोर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. वाळलेल्या अंगाची, ताठ पाठीची म्हातारी. चरखा न थांबवताच त्यांनी वर पाहिले.

"आजी, मी सुभद्रा. अरूची..." आई म्हणता म्हणता तिची जीभ अडली. "अरूच्या घरची."

"ओळखलं. ये. बस."

पाणी झाले. लग्नाचे बोलणे झाले, मुलगा काय करतो, घरी कोण कोण. मग सुभद्रेने पिशवीतून फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. चरखा थांबला. रुखमाबाईंनी फोटो लांब धरला, जवळ आणला.

"डोळे कुसीचे आहेत," त्या म्हणाल्या. "हे तोंड कोणाचं व्हय?"

"माह्यं."

रुखमाबाईंनी फोटोकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. त्या रागावल्या नाहीत.

"चांगलं दिसून राह्यलं. राहू दे."

"तिचं कसं होतं?"

"तिचे दात समोर होते, बाई. ओठ मिटतच नोते. हा फोटो काढला तवा फोटोवाला किती डाव म्हणे, तोंड मिटा, तोंड मिटा. मंग बसली दाबून, लाकडावानी. मले तं तो फोटो कधीच आवडला नाही."

"दात समोर होते?" सुभद्रेने विचारले. मनातल्या मनात तिने त्या बाईला किती दागिने घातले होते, कसकसे हसायला लावले होते.

"म्हणून तं जमत नोतं तिचं. दोन ठिकाणून नाही म्हणून आलं. मंग जागेश्वर आला पाह्याले. मी तिले सांगून ठेवलं होतं, हसजो नको. पण त्याच्या हातचा पाण्याचा गिलास सांडला, अन् हे पोट्टी जे हसत सुटली! मी म्हटलं, झालं, हेही गेलं. तं तो तिथंच हो म्हणला."

सुभद्रेच्या छातीत काहीतरी टोचले. ओळखीचेच होते ते, फक्त आज त्याला एक चेहरा होता. दात पुढे आलेली, हसू न आवरणारी एक पोर. अरुंधतीच्या वयाची. भिंतीवरच्या देखण्या बाईचा तिने आजवर केला त्याहून हा हेवा मोठा होता, आणि तरीही तिला उठून जावेसे वाटेना. तिने पिशवीतून पेन्सिल काढली, रंगांच्या नळ्या काढल्या, कापूस आणि पुसायचे टरपेंटाइन काढले आणि सगळे ओसरीवर मांडले.

"कशी हसे ते, आजी?"

"कशी म्हणजे?"

"मले दाखवा."

"वेडी आहेस का वं?" रुखमाबाई म्हणाल्या. आत मागावर कुणीतरी धोटा फेकत होते, त्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी चरखा बाजूला सारला, पदर नीट केला आणि सुभद्रेसमोर सरकून बसल्या. वरचा ओठ त्यांनी पुढे काढला. खांदे हलले. आणि आधी खोटे, मग कुठूनतरी आतून आल्यासारखे, त्या एखाद्या मुलीसारख्या हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचा हात झटकन तोंडावर गेला.

"हात खाली घ्या, आजी," सुभद्रा म्हणाली. "मले नीट दिसू द्या."