हिलरीचं बावखल

"कोणाला सांगाल तर विश्वास ठेवणार नाही," वाटेवर पडलेलं केळीचं सुकं पान काठीने बाजूला सारत हिलरी जावयाला म्हणाला, "पण आपल्या बावखलात एक मरळ मासा होता. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की वर यायचा. प्रार्थना संपेपर्यंत पाण्याबाहेर डोकं काढून उभा. आमेन झालं की गुडुप."

"उभा? मासा?" मेलरॉय हसला.

"शेपटीवर. आणि अंगात जरा शिस्त होती म्हणून. नाहीतर आपली माणसं बघ, प्रवचन सुरू झालं की बाहेर जाऊन मोबाइल काढतात."

मेलरॉय पुन्हा हसला. त्यांच्या मागून चालणाऱ्या त्याच्या बायकोला, ज्युलीला, ते हसणं पाठीत गुद्दा बसल्यासारखं लागलं. तिने कुंपणावरची करंजाची डहाळी ओरबाडली आणि चालता चालता एकेक कोवळं पान तोडून मातीत टाकत राहिली.

मार्च सुरू झाला तशी ज्युली आणि मेलरॉयने कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली होती. थेट वेंगुर्ल्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने वर यायचं, गाव दिसेल तिथे मुक्काम करायचा, सकाळी उठून पायी फिरायचं. कुठे सड्यावर, कुठे खाडीच्या बांधावरून. आंबा मोहरलेला होता तेव्हा निघाले, कैऱ्या धरल्या तेव्हा ज्युलीच्या माहेरी, भुईगावला पोचले. वाटेत चहाला ज्याने ज्याने बसवलं त्याला ज्युलीने एकच सांगितलं होतं. आमच्या पपांच्या वाडीत बावखल आहे. म्हणजे झाडांना पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. मी त्यातच पोहायला शिकले. ईस्टरच्या सकाळी पहिली उडी तिथे मारणार.

आदल्या संध्याकाळी हिलरी फाटकात उभा राहून दोन्ही हातांनी गाडी मागे घ्यायला सांगत होता. "ये, ये, अजून ये, भरपूर जागा आहे!" ज्युली खाली उतरली. पायांखाली लाल मुरूम होता, रोलर फिरवल्यासारखा सपाट.

"पपा, बावखल कुठंय?"

हिलरीने गाडीच्या चाकांकडे पाहिलं. मग आभाळाकडे. "तू त्याच्यावरच उतरलीस की, बाय."

तेव्हापासून ती घराची पायरी चढली नव्हती. रात्री व्हॅनमध्ये झोपली, चर्चमध्ये मिस्सेला वेगळी गेली, चहा आपल्या शेगडीवर केला. आई सुझान सकाळी सणाच्या तळलेल्या गोड फुग्यांची ताटली घेऊन काचेपाशी आली, तर हिने काच खाली केली नाही. बावखल कोणी बुजवलं ते पपांनी सरळ तोंडाने सांगावं, नाहीतर ईस्टरचं जेवण न जेवताच निघायचं आणि पुन्हा ह्या फाटकात गाडी घालायची नाही, असं तिने मेलरॉयला बजावलं होतं. सगळे मिळून समुद्रापर्यंत चालत जाऊ, ही कल्पना बिचाऱ्या मेलरॉयची. चालताना माणसं बोलतात, असं त्याचं मत.

सुझान यायला निघाली याचं मात्र सगळ्यांनाच नवल वाटलं. हौसेने चालायला जाणं तिला ठाऊक नव्हतं. आज तिने ईस्टरच्या लुगड्यावर नव्या चपला अडकवल्या आणि कोणी विचारायच्या आत सगळ्यांच्या मागे येऊन उभी राहिली. हातांत काही नसल्यामुळे ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. कधी पदर धरी, कधी पाठीमागे बांधी.

हिलरीबाबत बोलायचं तर, कालपासून त्याने गोष्टींत बावखल दोनदा घालवलं होतं. रात्री मेलरॉयला सांगितलं, की ते रुसून निघून गेलं, सांडोरला एकाच्या वाडीत दिसलं म्हणतात. मिस्सेहून येताना सांगितलं, की अर्नाळ्याच्या एका कोळ्याची म्हैस वाट चुकून आली आणि एका दमात पिऊन गेली, वर ढेकरही दिली नाही. आणि आता वाटेवर तो विमानाने पाणी उचलून नेल्याची गोष्ट सुरू करत होता.

"पपा, पुरे!" ज्युली ओरडली. तांबट पक्ष्याचं टुकटुक थांबलं. "मला गोष्ट नको. नाव सांगा."

वाट वळली तिथे केळींच्या रांगा संपून एक नवी चार मजली इमारत उभी होती. दाराशी पाण्याचा टँकर. हिलरीला दोषाचा आयताच धनी मिळाला. त्याने काठी वर करून इमारतीला शिव्या द्यायला सुरुवात केली. "ही बघ ह्यांची करणी! गोडं पाणी गाडतात आणि मग टँकरपुढे बादल्या घेऊन उभे राहतात! नालायक!"

"त्यांना कशाला बोलता?" ज्युली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. राग तिच्या कानांपर्यंत चढला होता. "त्यांनी निदान घरं तरी बांधली. तुम्ही काय बांधलंत? पार्किंग? गावोगाव मी तुमचं नाव सांगत आले. पपांनी बावखल राखलंय, पपांनी बावखल राखलंय. लाज वाटते मला."

"ज्युली," मेलरॉय हळूच म्हणाला.

"तू मध्ये पडू नको. तुला काय, तुला माशाची गोष्ट मिळाली."

हिलरीची काठी खाली आली. त्याने ज्युलीच्या खांद्यावरून मागे, सुझानकडे पाहिलं. ती कुंपणाच्या तारेवर हात ठेवून टँकरच्या नळातून ठिबकणारं पाणी बघत होती. हिलरीने घसा साफ केला.

"बरं. नाव पाहिजे ना? हिलरी. मी बुजवलं."

"तुम्ही?"

"मीच. रस्त्याचं काम चाललं होतं. डंपर येत-जात होते. मी हात केला, म्हटलं, ये बाबा, इकडे ओत."

"पण का?"

"आला कंटाळा. डास झाले होते. डास म्हणजे केवढे, चिमण्यांएवढे! एकाने तर माझी टोपी..."

"पपा!"

"बरं, डास राहू दे." पण थांबेल तो हिलरी कुठला. जीभ सैल सुटली होती. "पहिला डंपर ओतला ना, तेव्हा तो मरळ वर आला. शेपटीवर उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, हिलरी, तूसुद्धा? मी तोंड फिरवलं आणि डंपरवाल्याला..."

"खोटं," सुझान म्हणाली.

"मासा खोटा आहे ते मलाही कळतं, मम्मी."

"मासा राहू दे. डंपर मी बोलावला."

ज्युलीच्या हातात आता नुसती काडी उरली होती. ती तशीच धरून ज्युली आईकडे वळली.

"सुझान, तू कशाला..." हिलरी पुटपुटला.

"तू सांडोरला बहिणीकडे सणाला गेला होतास. परत आलास तेव्हा मुरूम पडून सपाट झालं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी ते रुसून गेलं म्हणून गावाला सांगायला लागलास."

"मम्मी, असं कसं केलंस? विचारायचं तरी..."

"तू विचारलंस?" सुझानचा आवाज चढला नव्हता. "काल आल्यापासून पपा, पपा, पपा. तू पोहायला उतरायचीस तेव्हा ते स्वच्छ असायचं ना? दर उन्हाळ्यात त्यातला गाळ कोण काढायचं? डोक्यावर घमेलं घेऊन त्या पायऱ्या कोण चढायचं? हा तेव्हा काठावर बसून लोकांना मासे सांगायचा."

हिलरीने टोपी काढून पुन्हा घातली. "अगं, पोरीने तुझ्यावर राग धरू नये म्हणून मी..."

"धरू दे की! माझ्यावर धरू दे." ती आता फक्त त्याच्याकडे बघत होती. "हिलरीची वाडी, हिलरीचं बावखल. गाव म्हणतं, म्हणू दे. पण एवढं एक मी केलंय, हिलरी. ते तरी तुझ्या नावावर सांगू नको."