सारखे टाके

सून या घरात आली तेव्हा तिला शिवण येत होतं. सासूबाईंच्या मते येत नव्हतं, आणि त्या घरात मत एकाच माणसाला होतं. पुढे दुकान, मागे कामाची खोली, मध्ये पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना सासूबाईंचाच शब्द चालायचा.

काम रजयांचं. वरचं कापड, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांवरून मशीनने नक्षी घालायची. त्यासाठी कापड पुढे ओढणारे मशीनचे दाते खाली पाडायचे आणि कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचं. पाय मशीन पळवतो, हात कापड पळवतात, आणि दोघांचं जमलं तर टाका सारखा पडतो. हाताने घाई केली की टाका लांबतो, हात रेंगाळला की टाक्यावर टाका चढून गाठ होते. सुनेला हे जमायला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत तिने शिवलं त्याहून जास्त उसवलं. सासूबाई चष्मा कपाळावर चढवायच्या, बोटाने टाके चाचपायच्या आणि उसवायचा रिपर तिच्यापुढे सरकवायच्या. "उसव," एवढंच म्हणायच्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तेव्हा एकदा तिने भीत भीत रेग्युलेटरचा विषय काढला होता. एका मैत्रिणीकडे तिने तो चालताना पाहिला होता. मशीनला जोडायची छोटीशी वस्तू. कापड किती सरकतंय ते ती ओळखते आणि सुई तेवढीच चालवते. कापड पळालं की सुई पळते, कापड थांबलं की सुईही थांबते.

"कुबड्या कशाला हव्यात?" सासूबाई म्हणाल्या. "आधी हात बसू दे."

"आईचं बरोबर आहे," नवरा म्हणाला. लग्नापासून त्याने हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला आता त्यासाठी तोंडही नीट उघडावं लागत नसे.

विषय मिटला. सुनेने खालमानेने उसवलं, शिवलं, पुन्हा उसवलं, आणि हळूहळू तिचा हात बसला. तो बसल्याचं घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. तिला फार काही नको होतं. सासूबाईंनी एकदा टाके चाचपावेत आणि रिपर न सरकवता "चांगलं झालंय" म्हणावं, एवढ्यासाठी ती झुरत होती. आपण झुरतो याची तिला लाजही वाटायची, पण लाज वाटून काही झुरणं थांबत नाही.

मग सासूबाई आजारी पडल्या. त्यातून उठल्या, पण उजवा हात कापायला लागला. पहिल्याच रजईवर टाके इकडे लांब, तिकडे गाठी असे पडले आणि सासूबाई मशीनसमोर नुसत्याच बसून राहिल्या. आठवडा उलटायच्या आत नवऱ्याने रेग्युलेटर आणून मशीनला जोडलासुद्धा.

"आईचा जीव आहे गं त्या मशीनवर," तो बायकोला म्हणाला.

माझा जीव कशावर आहे ते माहीत आहे का तुला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. गिळायची तिला आता इतकी सवय झाली होती की चवही कळत नसे.

रेग्युलेटर होता मात्र कामाचा, त्याला उगाच नावं कशाला ठेवा! सासूबाई दुपारी आडव्या झाल्या तेव्हा ती गुपचूप त्यावर बसली. चार वळणं फिरवली आणि टाके असे पडले, जसे पडावेत म्हणून तिने उमेदीची वर्षं घातली होती. चार वळणांत! तिला रडूच कोसळलं, आणि ते रडू निव्वळ रागाचं होतं. कुबड्या म्हणे. तिला मुद्दाम लंगडत ठेवलं होतं सगळ्यांनी मिळून.

पण रेग्युलेटर टाक्याची लांबी सांभाळतो, रेघ सांभाळत नाही. कापणारा हात कापड थरथरत सरकवायचा आणि सुई त्या थरथरीवरही इमानेइतबारे सारखे टाके घालायची. सासूबाई बोट फिरवायच्या, टाका टाक्यासारखा लागायचा, आणि त्या खूश व्हायच्या. नजर अधू झाली होती. की स्वतःचं वाकडं त्यांना बघायचंच नव्हतं, देव जाणे.

नवऱ्याला मात्र दिसत होतं. "आई झोपली की तेवढं उसवून नीट करून ठेवत जा," तो हळूच म्हणाला. "तिला कळू देऊ नकोस हं. खचेल ती."

म्हणून दुपारी सासूबाई झोपल्या की सून त्यांची नक्षी उसवायची आणि पुन्हा घालायची. तेही रेग्युलेटर बंद करून. तशी काही गरज नव्हती. पण हात बसलाय हे निदान स्वतःला तरी कळावं, एवढा एकच तोरा तिच्याजवळ उरला होता. उठताना आठवणीने बटण चालू करायची.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची रजई आली तेव्हा मधोमध मोठा पंख घालायचा होता, पिसाला पीस लागलेलं. सासूबाईंनी तो सकाळी घातला, सुनेने दुपारी पुन्हा घातला. संध्याकाळी सासूबाईंनी रजई टेबलावर पसरली, बोट फिरवलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि सुनेला जवळ बोलावलं.

"बघ. याला म्हणतात हात," त्या म्हणाल्या. "पिसं कशी वळलीत बघ. किती चांगलं झालंय! तुझा कधी बसायचा गं असा?"

तेच शब्द. इतकी वर्षं वाट पाहिली ते शब्द आले, तेही असे, की हसावं की डोकं आपटून घ्यावं तिला कळेना. आणि खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला. त्या आनंदाचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली. त्या तिरीमिरीतच दुसऱ्या दिवशी सकाळी, सासूबाई यायच्या आत, ती पंखाच्या कडेचं थोडं काम करून उठली, आणि बटण चालू करायचं विसरली.

सासूबाई येऊन बसल्या. पाय दाबला. कापड अजून हललंही नव्हतं आणि सुई खडखडत एकाच जागी धावत सुटली. दोऱ्याचा हा एवढा गुंता झाला. त्यांनी पाय उचलला. बंद बटणाकडे पाहिलं. मग पंखाकडे पाहिलं, मग दारात उभ्या सुनेकडे. आयुष्य मशीनवर गेलेल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं?

सून वाट बघत राहिली. आता तरी, असं तिला वाटत होतं. काल ज्या तोंडाने चांगलं म्हटलं होतं, ते तोंड आज काय वेगळं म्हणणार?

सासूबाईंनी खणातून रिपर काढला आणि पंख उसवायला घेतला. कापऱ्या हाताने, एकेक पीस.

"आई, काल तर तुम्ही..."

"काल उजेड नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "वेडंवाकडं झालंय सगळं. पुन्हा घाल."

आणि रिपर तिच्यापुढे सरकवला.

सुनेने तो उचलला नाही. ती मशीनपाशी गेली, गुंता कापून काढला, दोरा ओवून दिला आणि बटण चालू केलं.

"तुम्हीच घाला आई," ती म्हणाली. "तुमचा हात बसलाय."

सासूबाईंनी उरलेली पिसं स्वतःच उसवली. मग मशीनकडे वळल्या. दुसरं काय करणार होत्या?

त्या दुपारी सून मशीनकडे फिरकली नाही. संध्याकाळी नवरा पडद्यातून डोकावला, घडी घातलेली रजई त्याने पिशवीत सरकवली. बाहेर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"नीट बघून घेतलीस ना?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"बघितली," ती म्हणाली. "टाके अगदी सारखे आहेत."